गल्लीतलेच लोक आमच्या बातमीवर विश्वास ठेवत नाहीत, कुठं चुकतंय? (नागपूर)

नंदनवन_डेस्क:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं मिळून नंदनवन, वाठोडा, सक्करदरा, दिघोरी, मानेवाडा या पट्ट्याच्या बातम्या देतो. छोटं पोर्टल आहे आणि व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप, मिळून अकराशेच्या आसपास लोक. मोठ्या पेपरात आमच्या भागाला शहर पुरवणीत कधी चार ओळी भेटल्या तर भेटल्या, बाकी सगळं धरमपेठ आणि सिव्हिल लाइन्स, म्हणून तीन वर्षांपूर्वी हे सुरू केलं. लोक वाचतात, पण मानत नाहीत, आणि स्वतःहून बातमी तर कोणीच सांगत नाही. नाली तुंबली तरी आम्हाला तिसऱ्या दिवशी कळते तीही फेसबुकवरून.

मे महिन्यात एक घोळ झाला. एका लेआउटमध्ये तीन दिवसांपासून नळ नाही अशी बातमी आम्ही लावली. फोटो ग्रुपवरच कोणीतरी टाकला होता, टँकरसमोर रिकाम्या गुंडांची रांग (पाण्याचे गुंड बरं का, बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो). दोन तासांनी झोन ऑफिसमधून फोन आला की फोटो मागच्या वर्षीचा आहे आणि पाणी तीन दिवस नाही, एकच दिवस बंद होतं, मेंटेनन्सचं शटडाऊन होतं आणि त्याची सूचना आधी दिली होती. आम्ही जाऊन पाहिलं तर त्यांचं बरोबर निघालं. मग आम्ही काय केलं, बातमी उडवली, गुपचूप. वाटलं विषय संपला. तोवर लोकांनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज आला, "डिलीट करायचे किती भेटले?"

एक रुपया भेटला नाही, आईशप्पथ. पण तेव्हापासून काहीही टाकलं की खाली तेच. एक मित्र म्हणतो लकी ड्रॉ ठेव, एक म्हणतो रील बनव, एक म्हणतो हळदीकुंकू घे (मागच्या संक्रांतीला घेतलं होतं, वाण घेऊन बाया गेल्या, बातमीचं कोणी विचारलंही नाही). बजेट शून्य आहे. इथं कोणी पेपरात काम केलेलं असेल किंवा नुसतं वाचक असेल तरी खरं सांगा. शिव्या चालतील.

तिरपा_शेरा:

तुमच्या पोर्टलवर जाऊन आलो भाऊ. वरून पहिले दहा मथळे मोजले. सहा तर कोणत्या ना कोणत्या भाऊ-दादाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, दोन उद्घाटनं, एक शाळेची प्रेसनोट जशीच्या तशी, आणि दहावी खरी बातमी, तीही कालची. अन् तुम्ही विचारून राहिले विश्वास कुठं गेला.

नंदनवन_डेस्क:

वाढदिवसावरच तर साइटचं बिल निघतं ना भाऊ. ते बंद केलं तर आम्हीच बंद.

तिरपा_शेरा:

बंद करा कोण म्हणतं, घ्या पैसे. पण त्यावर "जाहिरात" असं मराठीत ठळक लिहा ना. बातमीसारखाच फॉन्ट, बातमीसारखाच फोटो, आणि आतमध्ये "कार्यसम्राट". माझ्या सासऱ्यांनी ते वाचून मला विचारलं की हे एवढं काम केलं यांनी? उद्या त्याच कार्यसम्राटाच्या वॉर्डात नळ गेला आणि तुम्ही बातमी उडवली तर लोक काय समजतील?

जुना_उपसंपादक:

मी नागपुरात तीस वर्षं डेस्कवर काढली, पेपरचं नाव सांगत नाही. तुमची चूक बातमी चुकण्यात नाही हो, बातमी सगळ्यांची चुकते. रात्री साडेअकराला बाहेरगावची डाक आवृत्ती सोडताना काय काय सुटायचं ते आठवलं तर अजून झोप उडते. तुम्ही ती उडवली तिथं घात झाला. वाचकाच्या जागी बसून पाहा, सकाळी होती आणि दुपारी नाही, मध्ये काय झालं ते कोणी सांगत नाही, मग तो स्वतःच मधली जागा भरतो, आणि आपल्याकडे मधली जागा भरायला पैशाशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याला दोष देऊ नका, त्यानं पाहिलेलं आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एकाच उमेदवाराचं गुणगान शब्दन् शब्द सारखं वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाखाली छापून आलं होतं, पी. साईनाथांनी ते उघडकीला आणलं, नंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, प्रेस कौन्सिलचा अहवाल आला. तेव्हापासून "पॅकेज" हा शब्द पानठेल्यावरच्या माणसालाही माहीत झाला.

आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. दहाव्याच्या जाहिरातीत वारलेल्या माणसाऐवजी त्याच्या जिवंत भावाचा फोटो गेला. दोघं दिसायला सारखे, पाकिटात दोन्ही फोटो, आणि रात्रपाळीचा मुलगा नवीन. सकाळी सहापासून फोन. मालक म्हणाले आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी टाका. आमचे संपादक खडूस होते पण त्या दिवशी ते स्वतः इतवारीत त्या घरी गेले, शिव्या खाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच आकारात बरोबर फोटो आणि खाली चूक कोणाची ते छापलं. त्या घरानं दोन महिन्यांनी आमचा पेपर बंदच केला, ते खोटं कशाला सांगू. पण त्या लाइनीतल्या बाकीच्या घरांतून एकही अंक कमी झाला नाही.

तेव्हा बातमीची लिंक मारू नका. तीच लिंक ठेवा, वर लिहा की फोटो जुना होता, पाणी एक दिवस बंद होतं, आम्ही तपासलं नाही, अमुक वाजता दुरुस्त केलं. आणि ज्या ग्रुपवर चूक टाकली त्याच ग्रुपवर दुरुस्तीही टाका, दुसरीकडे नाही. आपल्या देशात "द हिंदू"नं २००६मध्ये वाचकांच्या तक्रारी ऐकायला वेगळा संपादक नेमला आणि चुकांची दुरुस्ती रोजची केली, इंग्लंडात "गार्डियन"नं ते १९९७मध्येच केलं होतं. तिथं लोक म्हणाले नाहीत की हा पेपर फार चुकतो.

अजून एक. छापील पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता असतो, आम्ही त्याला प्रिंट लाइन म्हणतो. ते इंग्रजांच्या १८६७च्या कायद्यापासून चालत आलं, आता त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आहे. सरकारला आरोपी सापडावा म्हणून ती ओळ आली असेल, पण वाचकालाही त्यामुळे कळतं की भांडायला कुठं जायचं. तुमच्या साइटवर "आमच्याविषयी" उघडलं तर फुलांचं चित्र आहे आणि "निर्भीड निष्पक्ष" असं लिहिलंय. ना नाव, ना पत्ता. डिजिटल बातम्यांसाठी २०२१चे नियम आहेत, त्यात तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं आणि १५ दिवसांत तक्रार निकाली काढणं आहे. चौघं आहात ना, एकाचं नाव टाका.

नंदनवन_डेस्क:

सर, फुलांचं चित्र टेम्प्लेटमध्येच होतं 🙈 आज काढतो.

मानेवाडा_वाचक:

मी गृहिणी आहे, मला पत्रकारितेतलं कळत नाही, पण तुम्ही विचारलं की कोणी बातमी का सांगत नाही, ते मला माहीत आहे, मी सांगितली होती एकदा. तुम्हाला नाही, दुसऱ्या एकांना. आमच्या मागच्या नाल्यात एका बांधकामवाल्यानं मलबा टाकला होता, मी फोन करून सांगितलं, फोटो पाठवले, आणि म्हटलं दादा माझं नाव नका टाकू. दुसऱ्या दिवशी बातमीत "परिसरातील रहिवासी" म्हणून माझं पूर्ण नाव आणि गल्ली. संध्याकाळी दोन माणसं गेटपाशी उभी. काही बोलली नाहीत, नुसती उभी राहिली आणि गेली. माझे मिस्टर तेव्हा टूरवर. त्यानंतर आमच्या गल्लीत कोणी तोंड उघडत नाही, आणि मी तर सगळ्यांनाच सांगून ठेवलंय की पेपरवाल्यांना काही सांगायचं नाही. बातमीदाराला फोन केला तर म्हणाला ताई नावाशिवाय बातमीला वजन येत नाही. वजन त्याच्या बातमीला आणि माणसं माझ्या दारात.

दुसरं. २३ सप्टेंबर २०२३ची रात्र सगळ्यांना आठवत असेल. माझी बहीण अंबाझरी लेआउटला राहते, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, पहाटे तिच्या घरात छातीपर्यंत पाणी, लाइट नाही. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की बांध फुटला, आणि ते पन्नास ग्रुपवर फिरलं. बांध फुटला नव्हता. पण मला रात्री तीन वाजता खात्री कोणाला विचारू हेच कळेना, चॅनलवर मुंबईच्या बातम्या चालू होत्या. मला फक्त इतकं पाहिजे होतं की कोणता रस्ता चालू आहे, बोट कुठवर आली, कोणत्या नंबरवर फोन लागतो. सकाळी ड्रोन आले आणि सगळं नागपूर टीव्हीवर झळकलं, तोवर तिचा फ्रिज तरंगत होता.

मग आठ दिवसांत कॅमेरे गेले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रकरण चालू राहिलं, तलावाच्या सांडव्याजवळचा पुतळा, नाग नदीचं पात्र, सगळ्यावर सुनावण्या झाल्या. बहिणीला दर तारखेनंतर चार ओळी पाहिजे होत्या, आज काय झालं, पुढची तारीख कधी. कधी येत, कधी येत नसत. तुम्ही लोक काम झालं की "आमच्या बातमीचा इम्पॅक्ट" म्हणून पट्टी लावता. काम झालं नाही त्याची पट्टी कुठं असते?

नंदनवन_डेस्क:

ताई, नावाचं वाचून वाईट वाटलं. खरं सांगू का, आम्हीही असं केलेलं असू शकतं, आम्ही कोणाला विचारतच नाही की नाव टाकू का.

खामला_रील:

एक प्रश्न, तुमचे ते दोन ग्रुप "ओन्ली ॲडमिन" आहेत ना? मी आत्ता जॉइन होऊन पाहिलं, मला टाइपच करता येत नाही 😂

नंदनवन_डेस्क:

हो, मे महिन्यानंतर केले. लोक शिव्या देत होते.

खामला_रील:

म्हणजे तुम्ही अकराशे लोकांच्या तोंडावर पट्टी लावली आणि इथं येऊन विचारून राहिले की लोक बोलत का नाहीत. सॉरी पण हे खूपच भारी आहे.

सिरियसली सांगते, माझ्या वयाचं कोणी पोर्टल उघडत नाही, बातमी आमच्यापर्यंत येते तीच स्टेटसवरून. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४च्या सर्व्हेत जगभरात १० पैकी ४ लोक म्हणाले की आम्ही कधी कधी किंवा बऱ्याचदा मुद्दाम बातम्या टाळतो, आणि बातम्यांवर विश्वास ठेवणारेही साधारण तेवढेच. मीही टाळते, पण "उद्या आपल्या एरियात लाइट जाणार का" हे नाही टाळत. तुम्ही एक नंबर द्या जिथं आम्ही आलेला फॉरवर्ड पाठवू आणि तुम्ही सांगाल खरा का खोटा. माहीत नसेल तर "अजून माहीत नाही, विचारतोय" एवढं सांगा. माझी आजी रोज मला असे पाच पाठवते, मी तिला गुगल करून सांगते, म्हणजे आमच्या घरची न्यूजरूम मीच आहे.

आणि रील बनवा पण त्या म्युझिकवाल्या नको प्लीज. बातमीदारानं स्वतः तोंड दाखवून सांगावं की मी इथं उभा आहे, याला विचारलं, त्यानं फोन उचलला नाही. बस.

इंदोरा_१०:

मी उत्तर नागपूरचा, तुमच्या पट्ट्याचा नाही, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहितो. आमचा भाग पेपरात दोनदाच येतो, एक गुन्हेवार्तेत आणि दुसरा दीक्षाभूमीच्या गर्दीच्या फोटोत. बाकी वर्षभर इथं जणू कोणी शाळेत जात नाही, लग्न करत नाही, दुकान टाकत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२०ला मूकनायक काढलं तेव्हा शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते, आणि पहिल्याच अंकात मुद्दा हाच होता की जी वृत्तपत्रं आहेत ती आपापल्या जातीपुरतं बघतात. शंभर वर्षं झाली भाऊ. आज आमच्या भागातला मुलगा एमपीएससी पास झाला तर त्याच्या बातमीत "झोपडपट्टीतला" हा शब्द असतोच, तो पक्क्या घरात राहत असला तरी. असल्या एका शब्दानं आख्खी वस्ती तुमच्यापासून तुटते, आणि तुम्हाला कळतही नाही काऊन तुटली.

एक करून पाहा. तुमच्या पट्ट्याचा नकाशा प्रिंट काढा आणि मागच्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक बातमीचा एक ठिपका लावा, गुन्हे आणि अपघात लाल, बाकी निळे. कोणत्या वस्तीत नुसते लाल ठिपके आहेत आणि कोणती पूर्ण कोरी आहे ते दिसेल. मी आमच्या भागाचं एका मोठ्या पेपरच्या अंकांवरून केलं होतं, निळा पेन नवाच राहिला.

बुंदेलखंडात खबर लहरिया आहे, २००२मध्ये चित्रकूटला सुरू झालं, गावातल्याच बायका बातमीदार, त्यात दलित बायका भरपूर, आणि सुरुवातीला भाषाही बुंदेली. लोकांनी त्यांना सांगितलं कारण बातमी घ्यायला येणारी बाई त्याच विहिरीवरची होती. तुम्ही चौघं कुठले राहणारे हो? वाठोड्यात राहणारं कोणी आहे का तुमच्यात?

नंदनवन_डेस्क:

नाही. दोन नंदनवन, एक मेडिकल चौक, एक त्रिमूर्तीनगर.

इंदोरा_१०:

मग वाठोड्याचं तुम्हाला कोण सांगेल?

अजून एक, शिकागोला सिटी ब्युरो म्हणून संस्था आहे, ते साध्या रहिवाशांना ट्रेनिंग देतात आणि पैसे देऊन सरकारी बैठकांना बसवतात, तिथं काय ठरलं ते लिहून आणायला. आपल्याकडे मनपाची मुदत मार्च २०२२ला संपली, नंतर प्रशासक आला आणि कित्येक वर्षं सभागृहच भरलं नाही, त्यामुळे बैठकीत बसायचा प्रश्नच उरला नव्हता. पण दहा झोन आहेत, दर झोनचे टेंडर निघतात, कामं होतात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कॉलेजच्या चार पोरांना अर्ज लिहायला शिकवा, अर्ज आणि उत्तर दोन्ही जसेच्या तसे साइटवर टाका. उत्तर आलं नाही तर तेही टाका.

पेपरवाला_सक्करदरा:

साहेब म्या सक्करदरा चौकात बावीस वर्सं झाले पेपर वाटून राह्यलो. पोर्टल गिर्टल मले समजत नाई, हे पोराच्या मोबाईलवरून लिवून राह्यलो. लॉकडाऊनमदी २०२०ले लोकाइनं पेपर बंद केले, म्हने हात लावला त कोरोना होते. त्यातले निम्मे वापस आलेच नाई. जे आले ते कायले आले ते सांगतो. मयत कोन झालं ते पाह्यले, लाइट कवा जानार ते पाह्यले, कळमन्याच्या बजाराचा भाव पाह्यले, अन् पोरीचं नाव धा-बारावीच्या निकालात आलं त कापून ठेवाले. अग्रलेख वाचनारा एक मास्तर होता, तो मागच्या वर्सी गेला.

तुमची बातमी खोटी निघाली त लोक तुमाले नाई सांगत, मले सांगते. सकाळी पेपर हातात घेतल्यावर म्हनते "काय बे, हे काय छापलं". मंग म्या कोनाले सांगू? कोन्या पेपरनं बावीस वर्सात मले एकडाव बी विचारलं नाई का लोक काय म्हनते. पेपर वाटनाऱ्याले, दूधवाल्याले, सायकल पंक्चरवाल्याले विचारा, त्याइले सारं ठाव ऱ्हायते.

अन् मोबाईल सगळ्याइजवळ नाई. आमच्या चौकात मंडळाचा फळा हाये, त्याच्यावर वर्सभर गनपतीची वर्गनी लिवलेली ऱ्हायते. त्याच्यावर रोज सकाळी पाच ओळी लिवा. पानी कवा येनार, लाइट कवा जानार, कोन गेलं. खडूचे पैसे म्या देतो. पोह्याच्या ठेल्यावर उभे ऱ्हा रविवारी, तर्री-पोहा खाता खाता लोक जे बोलते ते तुमच्या ग्रुपवर नाई बोलत.

तिरपा_शेरा:

पेपरवाले भाऊ, तुम्हीच संपादक व्हा, मी सबस्क्रिप्शन घेतो.

मला एक सुचलं, मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे ते मोठे पुतळे, पाहा. तान्हा पोळ्याला महालात, इतवारीत जे बडगे निघतात त्यांच्या गळ्यात लोकांनी लिहिलेल्या पाट्या असतात, महागाई, खड्डे, बिल, भ्रष्टाचार, जे डोक्यात असेल ते. कोणत्याही सर्व्हेपेक्षा खरं असतं ते, आणि सही कोणाची नसते म्हणून लोक लिहितात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून जाळून टाकतात आणि आपण फक्त आगीचा फोटो छापतो. यंदा प्रत्येक पाटीवरचं लिहून घ्या आणि वर्षभर एकेकीचा पाठपुरावा करा.

जुना_उपसंपादक:

हे मात्र झकास आहे. आम्हाला तीस वर्षांत सुचलं नाही, आम्ही "उत्साहात मिरवणूक" एवढंच लिहीत आलो.

पैशाचं राहिलं. इंग्लंडात ब्रिस्टल शहरात "ब्रिस्टल केबल" म्हणून पेपर आहे, २०१४पासून, सहकारी पद्धतीचा. वाचक दर महिन्याला थोडी थोडी रक्कम देतात, सभासद होतात आणि वार्षिक सभेत प्रत्येकाला एक मत. आपल्या विदर्भाला सहकार म्हटलं की सूतगिरणी आणि बँक आठवते आणि पुढचं सगळं आठवतं, त्यामुळे लगेच सोसायटी काढा असं मी म्हणणार नाही. पण दर महिन्याला जमाखर्च साइटवर टाका. वाढदिवसाचे इतके आले, दुकानांच्या जाहिरातीचे इतके, सर्व्हरला इतके गेले, पेट्रोलला इतके. "किती भेटले" विचारणाऱ्याला आकडाच दाखवा.

नंदनवन_डेस्क (पाच आठवड्यांनी):

मंडळी, धागा वर काढतोय, बरेच जण मेसेज करून विचारत होते काय झालं म्हणून.

ती पाण्याची बातमी बॅकअपमधून परत लावली, वर चूक लिहिली, चौघांची नावं लिहिली, ग्रुपवर टाकली. पहिला रिप्लाय आला "आता परत लावायचे किती भेटले". मग दिवसभर काही नाही. रात्री त्याच लेआउटमधल्या एका काकांनी लिहिलं की फोटो जुना होता ते ठीक, पण आमच्या शेवटच्या लाइनीत पाणी खरंच येत नाही, येऊन पाहा. म्हणजे चुकीच्या बातमीच्या मागं एक खरी बातमी होती आणि आम्ही दोन्ही उडवल्या होत्या. गेलो. चौदा घरांना वही दिली, दहा दिवस नळ कधी आला, किती वेळ चालला ते लिहायला सांगितलं. सुरुवातीच्या घरांत पाऊण तास आणि टोकाच्या घरांत कशीबशी दहा-बारा मिनिटं. तीच पानं फोटो काढून लावली, घर नंबर झाकून, प्रत्येकाला विचारून. दोघी नको म्हणाल्या, त्यांची पानं नाही लावली. झोन ऑफिसचं म्हणणंही लावलं, "प्रेशर तपासतो" म्हणाले. अजून तपासून राहिले. बातमीच्या वर "काम झालेलं नाही, दिवस १६" असा आकडा ठेवलाय, रोज बदलतो. मानेवाड्याच्या ताईंची आयडिया.

ग्रुप उघडले. तीन दिवस नुसते गुड मॉर्निंग आणि एका प्लॉटवरून दोन शेजाऱ्यांचं भांडण, आमचा एक सहकारी वैतागून म्हणाला परत बंद कर. नाही केले. फॉरवर्ड तपासायचा नंबर दिलाय, रोज आठ-दहा येतात, त्यातले निम्मे तरी कुठल्यातरी बाबाच्या औषधाचे असतात, त्याचं आम्ही काय सांगणार, डॉक्टरला विचारा म्हणतो.

वाढदिवसांवर "जाहिरात" लिहिलं तर दोघांनी जाहिरात काढून घेतली. एक म्हणाले मग फायदा काय. जमाखर्च टाकला, या महिन्यात खिशातून भरावे लागले, तेही टाकलं. वाठोड्याची एक मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आठवड्याला दोन बातम्या देते, मानधन फार कमी देतो आणि त्याची लाज वाटते. नकाशा केला. ठिपक्यांचं बोलायलाच नको.

उत्साहात सांगतोय असं वाटेल पण तसं फार काही बदललं नाही, वाचक तेवढेच आहेत. फक्त मागच्या आठवड्यात पाच जणांनी स्वतःहून फोन केला. त्यातल्या एकीनं बोलायच्या आधी विचारलं, नाव टाकणार का.

मानेवाडा_वाचक:

पाचवी मीच होते. नाल्याचं परत सांगितलं, या वेळी वाठोड्याच्या त्या मुलीनं लिहून घेतलेलं मला वाचून दाखवलं.

जुना_उपसंपादक:

"दिवस १६" चांगलं आहे. पण सोळावा कोणत्या तारखेपासून मोजला ते बातमीत दिसत नाही. लिहा.

नंदनवन_डेस्क:

हो सर, लिहितो.

पेपरवाला_सक्करदरा:

साहेब, फळ्यावर मंगळवारचं पानी साडेसहाले लिवलं होतं तुमच्या पोरीनं. आलं सात वाजून धा मिनटाले. लोक विचारून राह्यले. पुसू का?

नंदनवन_डेस्क:

पुसू नका. नुसती रेघ मारा आणि शेजारी बरोबर वेळ लिहा, जुनं दिसू द्या.

पेपरवाला_सक्करदरा:

बरं. खडू बी संपला, येता येता घेऊन या. पांढरा नोको, लांबून दिसत नाई.